अंगठा करंगळीपर्यंत पोहोचतो का?

डिसेंबर लागला की आमच्या निफाडचे नाव वर्तमानपत्रांत रोज येऊ लागते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा किती उतरला याची चौकट आणि शेजारी शेकोटीभोवती बसलेल्या माणसांचा फोटो. द्राक्षांचे मणी तडकतील या धास्तीने बागायतदार रात्र जागून काढतात, त्यांच्याबद्दल चार ओळी असतात. गहू-हरभऱ्याला ही थंडी मानवते, तेही लिहिलेले असते. पण त्याच पहाटे साडेपाचला मोटरसायकल सुरू करून घराबाहेर पडणाऱ्या माणसाबद्दल काही नसते.

अशी माणसे थोडी नाहीत. दूध घालणारे, बाजार समितीत माल घेऊन जाणारे, नाशिकच्या कारखान्यांत पहिल्या पाळीला हजर होणारे, आणि शनिवारी सकाळची शाळा असते म्हणून आम्ही शिक्षक. मी अठरा वर्षे जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत शिकवतो. घरापासून शाळा २६ किलोमीटर. एसटी त्या वेळेला नाही, म्हणून मोटरसायकल. यंदापासून माझा थोरला मुलगाही या पहाटेच्या माणसांत सामील झाला आहे. त्याच्यासाठी जे बोलत आलो तेच इथे लिहितो आहे, कारण घरोघर असा एखादा मुलगा, भाऊ किंवा नवरा असतोच.

सुरुवात वाऱ्यापासून करतो. अंगणात उभे राहिल्यावर जी थंडी वाटते ती रस्त्यावरची थंडी नसते. शरीर आपल्याभोवती गरम हवेचा एक पातळ थर धरून ठेवते. गाडी वेगात आली की वारा तो थर सतत खरवडून नेतो. हवामानशास्त्रात याचा हिशेब आहे. तापमान १० अंश असेल आणि गाडी ताशी ५० च्या वेगात असेल, तर उघड्या कातडीला ते सुमारे ५ अंशांसारखे वाटते. तापमानच ५ अंश असेल तर त्याच वेगात शून्याच्या खालची थंडी लागते. म्हणजे महाबळेश्वर, काश्मीर कुठे जायला नको, आपल्या गावच्या रस्त्यावर बर्फाची थंडी स्वतःच्या वेगाने तयार करता येते. वेग कमी केला की ती थंडीही कमी होते, हा यातला सोयीचा भाग.

थंडी वाढली की शरीर आपली ऊब छातीपोटाकडे ओढून घेते. हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात. हृदय, फुप्फुसे, मेंदू आधी सांभाळायचे, बोटांचे नंतर बघू, अशी ती व्यवस्था आहे. चालणाऱ्या माणसाला ती चालते. मोटरसायकलवाल्याचा मात्र सगळा कारभार बोटांवर. क्लच बोटांनी, पुढचा ब्रेक बोटांनी, दिवा, इंडिकेटर, हॉर्न सगळे बोटांनीच. शिवाय बोटे मिटवणारे मुख्य स्नायू बोटांत नसतातच, ते कोपर आणि मनगटाच्या मध्ये असतात आणि तिथून दोऱ्यांसारख्या शिरांनी बोटे ओढली जातात. त्यामुळे चांगले हातमोजे घालूनही बाही आखूड असेल, मनगटाजवळ वारा शिरत असेल, तर बोटे मंदावतात. हे मला एका डॉक्टर मित्राने समजावले आणि तेव्हापासून मी हातमोजांच्या लांबीकडे पहिल्यांदा बघतो, जाडीकडे नंतर.

ताशी ५० च्या वेगात गाडी एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर जाते. बधिर बोटांना ब्रेक आवळायला एक सेकंद जास्त लागला, तर एवढे अंतर हातचे गेले. आमच्या शाळेचा वर्ग साडेसहा मीटर लांब आहे. दोन वर्ग ओलांडून गाडी पुढे जाते.

वाईट याचे की बोटे कधी निकामी झाली ते कळत नाही. दुखणे असते तोवर बरे, दुखणे थांबले की माणसाला वाटते आता सवय झाली. ती सवय नसते, बोटांची जाणीव गेलेली असते. मधुमेह असलेल्यांच्या हातापायांना तर आधीच जाणीव कमी. म्हणून मी मुलाला एक साधी तपासणी सांगितली आहे, जी थंड प्रदेशांत फिरणारे लोक वापरतात. गाडी थांबवून हातमोजा काढायचा आणि अंगठा करंगळीला लावायचा. नमाजनंतर आपण बोटांच्या पेरांवर तस्बीह मोजतो ना, तसेच. अंगठा करंगळीच्या तिन्ही पेरांवर सहज फिरला तर पुढे जा. अडखळला, वाकडा पडला, लक्ष देऊन न्यावा लागला, तर गाडी तिथेच उभी करायची. हात काखेत घालून बसायचे. सायलेन्सरला हात लावून ऊब घेणारे मी पाहिले आहेत. बधिर हाताला चटका लागल्याचेही कळत नाही, कातडी सोलून निघाल्यावर कळते. शेकोटीत हात घालणे किंवा उकळते पाणी ओतून घेणे यातही तोच धोका. आणि बिडी-सिगारेटने ऊब येते हा निव्वळ भ्रम आहे. निकोटिनने रक्तवाहिन्या आणखी आकसतात, बोटे आणखी गार पडतात. तंबाखूच्या चिमटीनेही तेच होते.

आमच्या खानदानात ही गोष्ट एका जानेवारीत सगळ्यांना समजली.

माझे बडे अब्बा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, रात्री दीडच्या सुमाराला गेले. फोन सुरू झाले. जनाजा जोहरनंतर ठरला. आपल्याकडे मय्यतीचा फोन आला की माणूस घड्याळ बघत नाही, चपला शोधतो. मालेगावला माझा चुलतभाऊ राहतो. बडे अब्बांनी त्याला लहानपणी दोन वर्षे स्वतःच्या घरी ठेवून शिकवले होते. तो तीन वाजता मोटरसायकल घेऊन निघाला, मागे त्याचा मेहुणा. अंगात स्वेटर, वरून शाल, डोक्याला मफलर. हातात काही नाही. रडून झालेले, झोप नाही, पोटात काही नाही.

मालेगाव ते चांदवड सुमारे चाळीस किलोमीटर. त्याच्या आधी राहुड घाट लागतो. घाटात पुढच्या ट्रकचा लाल दिवा लागला. तो नंतर सांगायचा, "भाई, दिवा दिसला. थांबायचं ते पण कळलं. हाताला सांगितलं, हात ऐकेना." बोटे मिटलीच नाहीत. त्याने गाडी कडेला घातली आणि दोघे घसरत गेले. मेहुण्याला खरचटले. याचे मनगट आणि खांद्याजवळचे हाड मोडले. अल्लाहचा फजल की ट्रकखाली गेले नाहीत.

जोहरनंतर आम्ही कब्रस्तानात होतो तेव्हा तो चांदवडला दवाखान्यात होता. त्याला माती देता आली नाही. हाड दोन महिन्यांत जुळले. पण आजही बडे अब्बांचा विषय निघाला की तो हाताबद्दल बोलत नाही, माती देता आली नाही याबद्दल बोलतो.

त्या दिवसापासून आमच्या अम्मींनी एक पद्धत सुरू केली. थंडीच्या दिवसांत रात्री असा फोन करायची वेळ आली, तर फोन करणाऱ्याने इंतकालची खबर देऊन लगेच पुढचे वाक्य बोलायचे: जनाजा अमुक वाजता आहे, ऊन पडल्याशिवाय मोटरसायकलवर निघू नका. खबर ऐकणारा दुःखात असतो, त्याला स्वतःहून हा विचार सुचत नाही. दफन लवकर व्हावे म्हणून घाई असते हे खरेच आहे, पण दुपारच्या जनाज्यासाठी ऐंशी किलोमीटर यायला सकाळी आठला निघाले तरी वेळ उरतो. फारच लवकर पोहोचायचे असेल तर चार घरांनी मिळून जीप करावी. एका बुजुर्गांना सुरुवातीला हे आवडले नव्हते. मय्यतीच्या वेळी असल्या सूचना देतात का, असे म्हणाले. आता त्यांच्या घरातूनही फोन येतो तेव्हा हे वाक्य त्यात असते.

कपड्यांबद्दल बरेच गैरसमज आहेत. स्वेटरवर स्वेटर चढवून निघणारे खूप. लोकरीला बारीक भोके असतात आणि वारा त्यातून सरळ आत येतो. स्वेटर ऊब धरून ठेवतो, वारा अडवत नाही. वारा अडवणारे काहीतरी सर्वांत वर हवे. महागडे जॅकेट घ्यायलाच हवे असे नाही. पावसाळ्यातला रेनकोट आपण जूनपर्यंत गुंडाळून ठेवतो, तोच स्वेटरवर घातला की फरक पहिल्या किलोमीटरला कळतो. दूधवाले शर्टाच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी ठेवतात, तीही उत्तम युक्ती आहे. हातमोज्यांचेही तसेच, आत लोकर आणि वर चामडे किंवा रेक्झिन. हँडलवर चढवायची जाड कव्हरे मिळतात, ती दिसायला बेढब असली तरी वाऱ्याला पक्की असतात. फक्त त्यातून हात झटकन आत-बाहेर होतो की नाही ते उभ्या गाडीवर पाहून घ्यावे. बुटात दोन-दोन मोजे कोंबू नयेत. बूट आवळला की रक्त फिरत नाही आणि पाय उलट जास्त गार पडतात.

फजर पढून थेट निघणाऱ्यांसाठी एक गोष्ट खास सांगतो. वजूनंतर कोपरापर्यंत हात ओले, पाय ओले, कानामागे ओलावा. तसेच बाह्या खाली ओढल्या आणि मोजे चढवले की तो ओलावा वाऱ्यात उडताना अंगाची ऊब घेऊन जातो. कोरड्या हातापेक्षा ओला हात कितीतरी लवकर बधिर होतो. म्हणून मी गाडीच्या डिकीत एक छोटा टॉवेल आणि मोज्यांचा कोरडा जोड ठेवतो. मशिदीतून निघताना दोन मिनिटे जातात, पण चालते. येती काही वर्षे रमजानही थंडीकडे सरकतो आहे. २०३० मध्ये तर तो दोनदा येणार, एकदा जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरअखेर. सहेरीनंतरची पहाट आणि इफ्तारला घर गाठण्याची घाई, दोन्ही त्या वेळी थंडीत आणि अंधारात असतील.

डोक्याचे म्हणाल तर हेल्मेटच्या आत जाड माकडटोपी घालू नये. हेल्मेट नीट बसत नाही आणि मागून येणाऱ्या गाडीचा आवाज ऐकू येत नाही. आत पातळ सुती टोपी पुरते. काचेवर वाफ धरते म्हणून लोक काच वर करून चालवतात, मग डोळ्यांतून पाणी वाहते आणि दिसत तर नाहीच. काचेला आतून भांड्यांच्या साबणाचा एक थेंब चोळून कोरड्या कापडाने पुसून घ्यावा आणि काच बोटभर उघडी ठेवावी. वाफ बरीच कमी होते.

आता मागच्या सीटबद्दल. चालवणाऱ्याबद्दल सगळे बोलतात, मागे बसलेलीची विचारपूस कोणी करत नाही. तिला हात हलवायचे नसतात, पाय हलवायचे नसतात, ती नुसती बसून गारठते. गारठलेल्या माणसाला गुंगी येते आणि पकड सुटते. माझी पत्नी दर पाच-दहा मिनिटांनी माझ्या खांद्यावर थाप मारते. ती थाप आली नाही की मी गाडी थांबवतो. आमचे तसे ठरलेलेच आहे.

थंडीत बुरख्यावर शाल येते, शालीवर ओढणी येते, आणि यातले एक टोक सैल राहिले तर ते मागच्या चाकात किंवा साखळीत जाऊ शकते. क्षणात माणूस खाली ओढला जातो. मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारी जाळी असावी असे केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहे. आपण तिला साडी गार्ड म्हणतो. गाडी देखणी दिसावी म्हणून पोरे आधी तीच काढून टाकतात. आमच्या मुलानेही गाडी आणल्या दिवशी ती काढायचे ठरवले होते. त्याच्या आईने एकच विचारले, "मग मला कुठे बसवणार?" जाळी राहिली. शाल घ्यायचीच असेल तर ती रेनकोटच्या किंवा जॅकेटच्या आत गुंडाळावी, मफलरची टोके आत खोचावीत आणि निघण्याआधी कोणीतरी मागून एकदा फिरून पाहावे.

लहान मुलाला पुढे टाकीवर बसवण्याची आपल्याकडे फार सवय आहे. ते मूल सगळा वारा आपल्या अंगावर घेते आणि त्याच्या मागे बसलेल्या बापाला वाटते आज तितकीशी थंडी नाही. लहान मुलाचे अंग मोठ्या माणसापेक्षा लवकर गार पडते, आणि त्याला ते सांगता येत नाही. रडणारे मूल एकदम शांत झाले तर ते झोपले असे धरून चालू नये, थांबून त्याचे पोट आणि छाती हाताने चाचपावी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याने चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचे केले आहे. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठी फेब्रुवारी २०२३ पासून हेल्मेट, चालवणाऱ्याला बांधून ठेवणारा पट्टा आणि ताशी ४० पेक्षा जास्त वेग नाही, असा नियम आहे. हे अंमलात किती येते ते आपण रोज बघतो. माझे मत विचाराल तर जानेवारीच्या पहाटे लहान मुलाला मोटरसायकलवर नेऊच नये. नातेवाइकांकडे दुपारी पोहोचले तरी बिर्याणी मिळते.

रस्ता थंडीत वेगळाच असतो. गोदाकाठ, कालवा, बागायती शेते, खोलगट जागा इथे थंड हवा साचते आणि तिथेच धुके. त्यात पहाटे द्राक्षबागांत पेटवलेल्या शेकोट्यांचा धूर मिसळतो. अशा वेळी लोक अप्पर दिवा लावतात आणि समोर पांढरी भिंत उभी राहते, कारण तो प्रकाश धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो. डिपरवर चालवावे आणि जेवढे दिसते तेवढ्यात थांबता येईल इतकाच वेग ठेवावा. सर्वांत भीती उसाच्या ट्रॅक्टरची. गळीत हंगाम नेमका याच दिवसांत. मागे जोडलेल्या दोन ट्रॉल्या, मागचा दिवा एकतर नाही किंवा असला तर बाहेर आलेल्या उसाखाली झाकलेला. डांबरावर दव आणि त्यावर शेतातल्या टायरांनी आणलेली माती. शिवाय सूर्य उगवला म्हणजे थंडी संपली असे नसते. दिवसातले सर्वांत कमी तापमान बहुधा सूर्योदयाच्या सुमारासच असते.

टायरमधली हवा दुपारी भरलेली असेल तर पहाटे ती दोन-तीन पौंड कमी भरते, पंक्चर नसतानाही. गार टायरची पकडही पहिली काही किलोमीटर कमी असते, तेवढे अंतर वळणावर जपून. आणि मोहल्ल्यात अनेकजण गाडी रात्री घरातच लावतात, पहाटे दार बंद ठेवून आतच सुरू करतात. ते करू नये. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि त्याच खोलीत मुले झोपलेली असतात.

मुलाबद्दल लिहायचे राहिले. तो एकवीस वर्षांचा आहे, नाशिकच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात कंत्राटी कामगार. पाळी सातची, अंतर पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास. दहा मिनिटे उशीर झाला तर अर्ध्या दिवसाचा पगार कापतात, आणि महिन्यात तीनदा उशीर झाला तर पुढच्या महिन्यात बोलावतीलच असे नाही. त्यामुळे "बेटा, आज थंडी आहे, जाऊ नको" असे म्हणण्याची सोय आमच्याकडे नाही. अम्मी सुरुवातीला म्हणायच्या, "धूप निकलने दे." धूप निघेपर्यंत त्याचे गेट बंद होते.

बरेच दिवस घरात यावर बोलणे झाले. नाशिकमध्ये खोली घ्यावी तर पगारातले अर्धे भाड्यात जातात. बस एवढ्या लवकरची नाही. शेवटी त्याने पाळी बदलून मागितली. डिसेंबर-जानेवारीत दुसरी पाळी मिळेल का, असे विचारले. महिन्यातले दोन आठवडे मिळाली. उरलेल्या दोन आठवड्यांसाठी तो पावणेसहाऐवजी सव्वापाचला निघतो, म्हणजे चाळीसच्या वर जायची गरज पडत नाही. त्याची आई त्याआधी उठून त्याला गरम भाकरी आणि अंडे खायला घालते, कारण रिकाम्या पोटी अंगाला ऊब करता येत नाही. चांदोरीजवळ एक चहाची टपरी तेवढ्या पहाटे उघडी असते. तिथे तो थांबतो, हातमोजे काढतो, अंगठा करंगळीवर फिरवून बघतो. टपरीवाल्याने एकदा विचारले म्हणे, रोज काय मोजतोस? आता त्या टपरीवर थांबणारे आणखी दोघे तसे करतात.

कारखान्याच्या गेटवर पोहोचला की तो घरी एक मिस्ड कॉल देतो. साधारण पावणेसातला येतो. अम्मी फजरपासून मुसल्यावरच बसून असतात, मोबाइल बाजूला. फोन वाजून बंद झाला की त्या मुसल्ला गुंडाळतात आणि चहा मागतात.